आधी खुराकाचं बोलू

वाचक मैत्रिणीचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

वय २६. बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. चार वर्षांपूर्वी वजन उतरवायला जिम लावली आणि लोखंड उचलण्यातच जीव रमला. दोनदा शरीरसौष्ठव स्पर्धेत स्टेजवर गेली, दोन्ही वेळा चौथी आली. पुढची स्पर्धा पाच महिन्यांवर आहे. ट्रेनर म्हणतो, "नॅचरलवर व्हायचं तेवढं झालं. आता तू तयार आहेस. वरच्या तिघी घेतातच." त्याने ऑक्झँड्रोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या आहेत. जिममध्ये त्यांना 'ॲनाव्हार' म्हणतात. ही बायकांची गोळी आहे, सौम्य असते, असंही त्याने सांगितलंय. पैसे साठवून ठेवलेत. घरी कुणाला माहीत नाही, घरात सध्या स्थळं बघणं चाललंय. वजन ५६ किलो, आहार १२०० कॅलरीचा, झोप पाच तास. सोमवारचा उपास आणि गल्लीतल्या बायकांबरोबरचा हरिपाठ अजून सुटलेला नाही. मधेच एका ओळीत लिहिलंय, "डाएट कडक केल्यापासून तीन महिने पाळी नाही, पण ट्रेनर म्हणतात ते नॉर्मल आहे." तिचा प्रश्न: "ताई, मी खरंच तयार आहे का, हे कसं ओळखायचं?"

गोळीबद्दल तू दीड पान लिहिलंस आणि पाळीबद्दल एक ओळ. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करते.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत मुलींना मैदानावर घेतलं, खो-खो आणि कबड्डीचे संघ घेऊन खानापूर, चिक्कोडी, धारवाडपर्यंत फिरले. पोरगा तालमीत जायला लागला की आठवड्याभरात घरातला दुधाचा रतीब वाढतो, हे मी घरोघरी पाहिलंय. बदाम भिजत पडतात, तुपाची बरणी हाताला लागेल अशी खाली येते, आजी स्वतः विचारते, "खुराक काय चाललाय रे?" बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानाला लोक डावाच्या आधी खुराक विचारतात. मुलगी खेळायला लागली की त्याच घरात काहीच वाढत नाही. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते आणि टोपल्यात उरलेली भाकरी खाते. माझ्या संघातल्या किती मुली सकाळी नुसत्या चहावर सरावाला यायच्या! तुझ्या ताटातून तर ट्रेनरने आणखी काढून घेतलं.

तू हिशेबातली आहेस, म्हणून हिशेबच मांडते. तुझ्या ५६ किलोंतून चरबी वजा केली तर साधारण ४५ किलोचं शरीर उरतं असं धर. व्यायामात खर्च होणारी ऊर्जा सोडून त्यातल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला निदान ३० कॅलरी उरायला हव्यात. त्याखाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं, असं खेळाडू स्त्रियांवरच्या अभ्यासांतून मानलं जातं. म्हणजे तुझ्यासाठी १३५०. तू खातेस १२००. त्यातल्या ३०० व्यायामात गेल्या असं मानलं तर उरतात ९००. ही तूट तू महिनोन्‌महिने चालवते आहेस. शरीर मग ज्याच्याशिवाय आजचा दिवस निघतो ते आधी थांबवतं. पाळी थांबते. हाडांची भर थांबते, व्यायामाने थकलेल्या स्नायूंची दुरुस्ती रखडते, हातपाय गार पडतात, चिडचिड वाढते, झोप उडते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं शास्त्रीय नाव दिलं. मी तिला खेळाडूची उपासमार म्हणते.

म्हणून "नॅचरलवर व्हायचं तेवढं झालं" हे मला मान्य नाही. गेल्या चार वर्षांतले किती महिने तू पोटभर खाऊन, सात-आठ तास झोपून व्यायाम केलास? तेवढेच महिने 'नॅचरल' म्हणून मोज. आकडा फार मोठा येणार नाही, असं मला वाटतं. वजनं वाढायची थांबली याचं कारण अपुरा खुराक असू शकतं, आणि तुला सांगितलं गेलं की शरीराची मर्यादा आली.

पाळी न येण्याला दुसरी कारणंही असतात. गर्भ राहिलेला असणं, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढणं, पीसीओडी म्हणजे बीजकोशांचा बिघाड. नुसतं बघून यातलं कुठलं, हे ट्रेनरला कळत नाही आणि मलाही कळत नाही. तीन महिने झाले म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायची वेळ झाली. त्यांना आहार, व्यायाम आणि स्पर्धा हे तिन्ही सांग. नुसतं "पाळी आली नाही" म्हटलंस तर पाळी आणण्याच्या गोळ्या देऊन परत पाठवतील, रक्तस्राव होईल आणि मूळ कारण तसंच राहील.

आता 'तयार' या शब्दाकडे येते. "तू तयार आहेस" असं कुणी म्हटलं की छाती फुगते, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या वाक्यात घ्यायचं हे आधीच ठरून गेलेलं असतं, फक्त कधी एवढंच उरतं. वाट एकच, आणि तू तिच्या टोकाला येऊन पोचलेली. तारीखही स्पर्धेने ठरवलेली. तुझा प्रश्न मी थोडा बदलते. पाच महिन्यांनंतरच्या एका संध्याकाळसाठी शरीरातलं काय गेलं तर चालेल, हे तू स्वतः, कुणी घाई करत नसताना, ठरवलंयस का?

ते ठरवायला गोळी काय करते हे माहीत हवं. ऑक्झँड्रोलोन हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या घराण्यातलं औषध आहे. मोठं आजारपण, शस्त्रक्रिया किंवा गंभीर भाजणं यानंतर झडलेलं शरीर भरून यावं म्हणून ते वापरलं जायचं. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. बाईच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असतं, रक्ताच्या डेसिलिटरमागे साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम. पुरुषात ३०० ते १०००. स्नायू वाढवणारा आणि पुरुषी खुणा आणणारा संदेश पेशीतल्या एकाच कुलपातून आत जातो. ते कुलूप दंडाच्या स्नायूत आहे, तसंच हनुवटीच्या केसांच्या मुळाशी, त्वचेच्या तेलग्रंथीत, स्वरयंत्रात आणि जननेंद्रियात आहे. दंडापुरतीच काम करणारी गोळी आजवर कुणाला बनवता आलेली नाही. 'सौम्य' याचा अर्थ एवढाच की त्याच जातीच्या इतर औषधांपेक्षा पुरुषी खुणा कमी किंवा उशिरा दिसतात. कुणाला दिसतील आणि कुणाला नाही, हे आधी सांगता येत नाही.

यातलं काही परत फिरतं. मुरुमं बऱ्याचदा जातात, पाळी बहुतेकदा काही महिन्यांनी येते, रक्तातली चरबी सुधारते. काही गोष्टी मात्र परत फिरत नाहीत, आणि त्यात मला सगळ्यात जास्त काळजी आवाजाची आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो तेव्हा त्याच्या स्वरपट्ट्या जाड होतात. बाईच्या बाबतीत औषधाने तेच घडतं. सुरुवातीला घसा बसल्यासारखा वाटतो, बाई म्हणते हवा बदलली, गारठा लागला. वरचे सूर लागेनासे होतात. औषध थांबवलं तरी जाड झालेल्या पट्ट्या पुन्हा बारीक होत नाहीत. क्लिटोरिसची वाढ तशीच कायमची राहू शकते, आणि टाळूवरचे विरळ झालेले केस पूर्ण भरून येतीलच असं नाही. हे शब्द तुझ्याशी कुणी उघड बोललं नसेल, म्हणून मी लिहिते.

तू हरिपाठाला जातेस असं लिहिलंस, अगदी सहज. मला पूर्व जर्मनीच्या पोहणाऱ्या मुली आठवल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या पोहण्याच्या १३ सुवर्णपदकांपैकी ११ त्यांनी नेली. त्यांचे आवाज इतके जाड कसे, असं विचारल्यावर, "आम्ही इथे पोहायला आलोय, गायला नाही," असं उत्तर त्यांच्या बाजूने दिलं गेलं, असं सांगतात. पुढे सरकारी कागद उघडे पडले, तेव्हा कळलं की शाळकरी वयापासून या मुलींना निळ्या गोळ्या दिल्या जात होत्या आणि जीवनसत्त्वं म्हणून सांगितलं जात होतं. त्या गोळ्या ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या स्टेरॉइडच्या होत्या. यामागच्या क्रीडाप्रमुखाला आणि वैद्यकीय प्रमुखाला २००० साली न्यायालयाने दोषी ठरवलं. तुला निदान गोळीचं नाव तरी खरं सांगितलंय. पण एखाद्या गुरुवारी टाळ हातात घेऊन उभी राहिलीस आणि शेजारच्या काकूंच्या सुरात तुझा सूर मिसळला नाही, तर ते नुकसान स्पर्धेच्या गुणपत्रिकेत कुठेच लिहिलेलं नसणार. तुझ्यासाठी ते छोटं असेल तर छोटं धर. निदान मोजून धर.

बाहेरून न दिसणारा भागही आहे. पोटातून घ्यायची ही स्टेरॉइडं यकृतावर भार टाकतात. हृदयाचं रक्षण करणारं एचडीएल कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली येतं, वाईट कोलेस्टेरॉल वर जातं. आणि गोळ्यांनी पाळी थांबली म्हणजे दिवस राहत नाहीत, असं मानणाऱ्या मुली आहेत. राहू शकतात. पोटात मुलीचा गर्भ असेल तर तिच्या जननेंद्रियांची घडण बदलू शकते. गर्भवतीला हे औषध पूर्ण वर्ज्य आहे. तुझी पाळी आधीच आलेली नाही, त्यामुळे गर्भ आहे की नाही हे तपासल्याशिवाय एक गोळीसुद्धा तोंडात घालायची नाही. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, हट्टाने सांगते.

शिवाय हातात पडेल ती गोळी ऑक्झँड्रोलोनच असेल हे कशावरून? ते महाग आहे. त्यामुळे चोरबाजारात त्याच्या नावाखाली स्वस्तातली आणि जास्त पुरुषी परिणामांची स्टेरॉइडं भरून विकली जातात. आपल्या देशात ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. ट्रेनरच्या बॅगेतून निघालेल्या डबीवर काय छापलंय, याला म्हणून फार अर्थ नाही. 'सौम्य' हा शब्द तिथेच संपतो.

वरच्या तिघींचं काय? मी तुला खोटा दिलासा देणार नाही. जिथे चाचणी होत नाही अशा स्टेजवर औषध घेणाऱ्या असतात, आणि मन लावून खाल्लंस, झोपलीस तरी तू तिथे पुन्हा चौथी येऊ शकतेस. हे सहन होत नसेल तर स्टेज बदलण्याचा विचार कर. चाचणी घेणाऱ्या स्पर्धा आहेत. लोखंड उचलण्याचीच आवड असेल तर पॉवरलिफ्टिंग आहे. तिथे परीक्षकाच्या नजरेपेक्षा बारवरचे किलो बोलतात, आणि जास्त खाणं हा तिथे गुन्हा नाही. चाचणीच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर नियम मात्र कडक आहेत. आपल्याकडे २०२२ पासून त्यासाठी कायदाच आहे. स्टेरॉइडं स्पर्धेच्या काळात आणि बाहेर, दोन्ही वेळी निषिद्ध आहेत. नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, ट्रेनरने दिलं हे सांगून सुटका होत नाही. पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी येऊ शकते.

ट्रेनर वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याने तुला चार वर्षं शिकवलं, पहाटे साडेपाचला जिमचं शटर उघडलं. पण तू जिंकलीस तर चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या जिमचं नाव लागणार आहे, आणि आवाज गेला तर तो तुझा जाणार आहे. त्याला शांतपणे विचार की गोळीच्या विक्रीत त्याचा वाटा आहे का. रक्ततपासणी कोण करून घेणार, आणि रिपोर्ट बिघडला तर थांबायचं कुणी सांगायचं, तेही विचार. पाच वर्षांपूर्वी हे घेतलेली एखादी मुलगी आहे का, जिच्याशी फोनवर बोलता येईल? नुसता तिचा आवाज ऐकूनही तुला बरंच कळेल. विचारल्यावर तो चिडला, तर त्या चिडण्यालाच उत्तर मान.

लग्नाचा धाक मी तुला घालणार नाही. "दाढी आली तर कोण लग्न करील" हे वाक्य या भागातल्या मुलींनी पुष्कळ ऐकलंय. कोणा अनोळखी घराला पसंत पडावं म्हणून हे शरीर नाही. ते तुझं आहे, आणि त्याच कारणाने निर्णयही तुझा. तरी घरातल्या एका माणसाला सांग. आईला गोळीचं सांगवत नसेल तर पाळीचं सांग. एवढ्यावरूनही ती तुझ्याबरोबर दवाखान्यात येईल. गावातल्या मेडिकलवाल्यापासून मामापर्यंत बातमी जायची भीती असेल तर बेळगावात तपास, तिथेही ओळखीचे निघत असतील तर कोल्हापूरला जा. रिपोर्टची भाषा कळली नाही तर डॉक्टरांना मराठीत समजावून सांगायला लाव. त्यात लाजायचं काही नाही.

माझं मत विचारशील तर: या पाच महिन्यांत गोळी नको आणि ही स्पर्धाही नको. या वेळी तू स्टेजच्या खाली बसून पाहिलंस तरी तुझं काही जाणार नाही. तो वेळ खुराकाला दे. बाराशेवरून एकदम उडी नको, दर आठवड्याला थोडं वाढव. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे तुला दिवसाला नव्वदच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये पंचवीसच्या पुढे, कोरड्या सोयावड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास. आणि भाताला, भाकरीला शत्रू समजू नकोस. आपल्या भागातली रताळी बाहेरगावी ट्रकने जातात, ती आधी तुझ्या ताटात येऊ देत. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी व्यायाम करणारे घेतात ती पावडर, घ्यायचं असेल तर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतं. ते बंदी नसलेलं आहे आणि त्यामागे भरपूर अभ्यास आहे, पण मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. 'फॅट बर्नर' म्हणून सुट्या डब्यातून मिळणारी पावडर मात्र नको. पाळी परतायला काही महिने लागतात. वजन दोन-चार किलो वाढेल, आरशात पोटावरच्या रेषा पुसट होतील, आणि तुला रडू येईल. तेव्हा आरसा सोडून वही उघड आणि बारवरचे किलो लिहून ठेव.

हे वाचणाऱ्या काहीजणींनी घ्यायला सुरुवात केलीही असेल. त्यांना ओरडायचा माझा हेतू नाही. आवाज बसल्यासारखा वाटत असेल तर 'हे पाकीट संपू दे' असं म्हणू नका, आजच थांबवा. थांबवल्यावर काही आठवडे मन खाली जातं, गळून गेल्यासारखं होतं. त्यावर उतारा म्हणून दुसरी गोळी घेऊ नका, हार्मोनतज्ज्ञाकडे जा. त्यांना सगळं खरं सांगा. डॉक्टर पोलीस नसतात, आणि लपवलंत तर ते भलत्याच आजाराचा शोध घेत बसतील. सुई वापरत असाल तर कुणाबरोबरही वाटून घेऊ नका, कावीळ आणि एचआयव्ही तिथून येतात. आणि सगळं ऐकूनही कुणी घेणारच असेल तर रक्तदाब, यकृत आणि कोलेस्टेरॉल आधी, मधे आणि नंतर तपासा, आणि दर आठवड्याला एकच अभंग मोबाइलवर रेकॉर्ड करून मागचा-पुढचा शेजारी ठेवून ऐका. फरक ऐकू येईल तेव्हा थोडं नुकसान झालेलं असेल, पण थांबलात तर तिथेच थांबेल.

आता तुझं काम. तपासणीच्या निदान आठवडाभर आधीपासून जड वजनं बंद ठेव, कारण जड व्यायामाने यकृताचे आकडे उगाच वर दिसतात आणि डॉक्टरांचीही दिशाभूल होते. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी जिल्हा रुग्णालयात किंवा तुझ्या सोयीच्या लॅबमध्ये जा. गर्भाची तपासणी, हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, ड जीवनसत्त्व, यकृत आणि कोलेस्टेरॉल, एवढं करून घे. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. तू त्यात असलीस तर वजनं न वाढण्याचं आणखी एक कारण हातात येईल. रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट आणि मग मला लिही. आणि तो सोमवार तुझ्या उपासाचा आहे हे माझ्या लक्षात आहे. रक्त देऊन झालं की लगेच दोन उकडलेली रताळी, मूठभर शेंगदाणे आणि मोठा पेला दूध घे. हे सगळं उपासाला चालतं.